‘मातृगृहाचं लुगडं’ म्हणजे कोणता चित्रपट? समानार्थी शब्दांची कोडी बांधताना आणि सोडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘समानार्थी शब्दांवरून चित्रपट ओळखा’ हा खेळ घ्यायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी घेतली तर अर्ध्या मंडळींची उत्तरं आधीच पाठ असतात. स्वतः कोडी केली तर ‘लढाई’, ‘वृषभ’ आणि ‘आईकडचं वस्त्र’ ही तिन्ही फसली. पहिल्याला पाच-सहा उत्तरं आली आणि वाद झाला, दुसऱ्यावर लोक राशिभविष्य सांगू लागले, तिसरं कुणालाच सुटलं नाही. उत्तरं होती ‘सामना’, ‘वळू’ आणि ‘माहेरची साडी’. तर कोडी करायची कशी, आणि स्वतः खेळायला बसलो तर सोडवायची कशी?

तुम्हाला वाटतंय की आपला शब्दसंग्रह कमी पडला. तसं नाही. कोडं करणारा माणूस उत्तराकडून प्रश्नाकडे जातो. त्याच्या डोक्यात साडी असते, म्हणून ‘वस्त्र’ लिहिलं तरी त्याला साडीच दिसते. सोडवणारा उलट्या बाजूने येतो. त्याच्यापुढे धोतर, शालू, अंगरखा, उपरणं सगळं एकदम उभं राहतं. कोडं लिहून झालं की उत्तर झाकून ते उलटं सोडवून पाहायचं, ही एकच गोष्ट केली असती तर तुमची तिन्ही कोडी घरीच गळाली असती.

आधी या तिघांचीच दुरुस्ती करू, कारण नेहमीच्या चुकांपैकी बऱ्याचशा त्यांत आल्या आहेत.

‘आईकडचं वस्त्र’ यात ‘वस्त्र’ हा साडीचा समानार्थी शब्दच नाही. साडी ज्या गटात बसते त्या गटाचं ते नाव आहे. आंब्याला ‘फळ’ म्हटलं किंवा मोगऱ्याला ‘फूल’ म्हटलं तर कोडं बसत नाही, तसंच हे. एक पायरी वर गेलात की सोडवणाऱ्याला खाली यायला डझनभर जिने दिसतात. साडीच्या पायरीवरच राहायचं: लुगडं, पातळ. आणि ‘आईकडचं’ ऐवजी ‘मातृगृह’ घ्या, कारण माहेर शब्दाची व्युत्पत्ती तीच सांगतात आणि ‘मातृ’ म्हणजे ‘मा’ हे कानाला लगेच लागतं. ‘मातृगृहाचं लुगडं’ म्हटलं की चाळिशीपुढच्या बायका दहा सेकंदांत १९९१ सालात पोचतात. मुलांना जड जाईल, पण मुलांनी हा चित्रपटच पाहिलेला नसतो, तेव्हा ते कोडं मुळात त्यांच्यासाठी नाहीच.

‘वृषभ’ची गंमत वेगळी आहे. शब्द संस्कृत आहे, अर्थ जवळचा आहे, पण रोजच्या बोलण्यात तो राशीला बांधला गेलाय. लोकांनी राशिभविष्य सांगितलं यात त्यांची काही चूक नाही. कुणी ‘बैल’ सुचवलं असेल तर तेही नको. बैल खच्ची केलेला असतो, औताला जुंपतात. वळू खच्ची केलेला नसतो, पैदाशीसाठी राखलेला किंवा देवाच्या नावाने सोडलेला असतो. गावाकडचा एखादा जाणकार बसला असेल तर तो इथेच तुम्हाला अडवेल आणि त्याचं बरोबर असेल. ‘पोळ’ हा नेमका शब्द आहे, पण शहरात तो कुणाला ठाऊक नाही. मग सरळ ‘देवाला सोडलेला सांड’ असं द्यावं. शब्द वाढले तरी चालतात, अर्थ हलता कामा नये.

‘लढाई’चा घोटाळा एकशब्दी नावांचा घोटाळा आहे. ‘सामना’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘किल्ला’, ‘विहीर’, ‘कुंकू’ ही नावं दिसायला सोपी, कोडं करायला सगळ्यांत कठीण. दोन-तीन शब्दांचं नाव असलं की एक शब्द दुसऱ्याला धरून ठेवतो. ‘मातृगृह’ कळलं नाही तरी ‘लुगडं’ मदतीला येतं. एकट्या शब्दाला असा आधार नसतो. ‘लढाई’ म्हटल्यावर युद्ध, झुंज, संघर्ष, सामना, रण काहीही बरोबर. एकशब्दी नाव घ्यायचंच असेल तर त्याला बाहेरून एक खुंटी द्या: ‘वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरची लढत, दिग्दर्शक जब्बार पटेल’. क्रीडापानावर ‘लढत’ आणि ‘सामना’ हे दोन शब्द रोज आलटून पालटून छापले जातात, त्यामुळे उत्तर एकच उरतं.

आता मुळातून. मराठीत हा खेळ इतका रंगतो याचं कारण आपल्याकडे एकाच गोष्टीला तीन-तीन घरांतून आलेले शब्द आहेत. एक घरगुती, एक संस्कृतातला, एक फारसी-अरबीतून आलेला. नवरा, पती, खाविंद. बायको, पत्नी, बीबी. लढाई, युद्ध, जंग. चित्रपटांची नावं बहुधा घरगुती बोलीतली असतात, कारण ती पोस्टरवर वाचली की जिभेवर बसायला हवीत. कोडं करणारा ती उचलून संस्कृत घरात नेऊन ठेवतो. ‘नवरी मिळे नवऱ्याला’चं ‘वधू लाभे वराला’ झालं की लग्नपत्रिकेची भाषा झाली, आणि हसू येतं ते याच विसंगतीचं. म्हणून शब्द शोधताना ‘याचा दुसरा अर्थ काय’ असं विचारू नका. ‘हेच पत्रिकेत कसं छापतील, हेच सरकारी फलकावर कसं लिहितील, हेच कीर्तनकार कसं म्हणेल’ असं विचारा. शब्द आपोआप येतात.

कुठवर जायचं, याची सीमा मी शाळेच्या पुस्तकावर आखते. पाचवी ते दहावीच्या व्याकरणात समानार्थी शब्दांची जी यादी असते (घर म्हणजे सदन, गृह, निकेतन, डोळा म्हणजे नेत्र, नयन, लोचन, आई म्हणजे माता, जननी, माउली) ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात कुठेतरी पडून असते. तिच्यातले शब्द वापरलेत तर न सुटलेल्या कोड्याचं उत्तर सांगितल्यावर लोक ‘अरेच्चा!’ म्हणतात. अमरकोश उघडून काढलेला शब्द वापरलात तर ‘असा शब्द असतो का’ म्हणतात, आणि खेळ तिथेच बसतो.

यानंतरचा भाग व्याकरणाचा आहे, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. नावातल्या शब्दांचा क्रम, विभक्तीचे प्रत्यय, ‘हा-ही-रे-दे’सारखे बारके शब्द आणि क्रियापदाचा काळ यांना हात लावायचा नाही. बदलायचे ते फक्त वजनदार शब्द. उदाहरण घ्या, ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). याचं ‘विश्वाच्या पृष्ठभागावर’ करा. ‘च्या’ तिथेच, ‘वर’ तिथेच, आणि मधला अर्थ भूगोलाच्या पुस्तकातला. उत्तम कोडं. हेच कुणी ‘पृथ्वीतलावर सर्वत्र’ असं केलं तर अर्थ तोच राहतो, पण सांगाडा मोडतो आणि सोडवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

क्रमाचं महत्त्व पाहायचं असेल तर ‘माझा पती करोडपती’ आणि ‘नवरा माझा नवसाचा’ ही दोन नावं शेजारी ठेवा. दोन्हींत नवरा आहे, दोन्हींत ‘माझा’ आहे. ‘माझा भ्रतार…’ असं सुरू झालं तर पहिला, ‘भ्रतार माझा…’ असं सुरू झालं तर दुसरा. तुम्ही वाचायला सोपं जावं म्हणून क्रम फिरवलात तर चांगले खेळाडू विश्वासाने चुकीचं उत्तर देतील, आणि मग त्यांना समजावणं अवघड.

मात्र लिंग बदलतं, आणि ते बदलू द्यावंच लागतं. ‘कट्यार काळजात घुसली’ याचं ‘खंजीर हृदयात शिरला’ होतं. कट्यार स्त्रीलिंगी, खंजीर पुल्लिंगी, म्हणून ‘घुसली’ची ‘शिरला’ झाली. ‘माहेरची साडी’मधली ‘ची’ लुगड्याबरोबर ‘चं’ होते. म्हणजे सोडवणाऱ्याने विभक्तीवर भरवसा ठेवावा, लिंगावर ठेवू नये. ‘शिरला’ पाहून पुल्लिंगी शस्त्र शोधत बसणाऱ्याला कट्यार सापडणार नाही. खेळ सुरू होण्याआधी हे एक वाक्य सगळ्यांना सांगून टाकावं, नाहीतर नंतर तक्रार येते.

या कोड्यावरच थोडं थांबते, कारण सैल शब्द किती चालतात हे त्यात नीट दिसतं. कट्यार आणि खंजीर ही खरं तर दोन वेगळी शस्त्रं. कट्यारीची मूठ आडव्या दांड्यांची, ती मुठीत धरून सरळ पुढे भोसकतात. खंजिराचं पातं वाकडं. पण खेळापुरतं जवळचं धारदार शस्त्र म्हणून चालून जातं, कारण बाकीचे दोन शब्द घट्ट आहेत. आता ‘जंबिया उरात रुतला’ करून पाहा. जंबिया म्हणजे कट्यार नव्हे, ऊर म्हणजे काळीज नव्हे, रुतणं म्हणजे घुसणं नव्हे. प्रत्येक शब्द थोडाथोडाच सरकलाय, पण तिघं एकाच दिशेने सरकले आणि कोडं हातचं गेलं. एका कोड्यात एक शब्द सैल चालतो, दुसरा नाही. आणि ‘काळजात’ला ‘यकृतात’ करण्याचा मोह आवरा. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृतच मिळतं हे खरं, विनोद म्हणून तो चांगलाही आहे, पण स्पर्धेतलं कोडं म्हणून तो अन्याय आहे. उत्तर सांगताना जोडून सांगा, हशा नक्की.

विशेषनामांचं काय करायचं, असं तुम्ही पुढे विचारालच. गावांची नावं तशीच ठेवावीत. ‘डोंबिवली फास्ट’चं ‘डोंबिवली जलद’ करा, बस. मुंबईतल्या श्रोत्यांना स्टेशनवरची उद्घोषणा लगेच आठवते. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ मात्र ‘मायानगरी, विद्येचं माहेरघर, मायानगरी’ असं करता येतं, कारण पहिलं आणि तिसरं सारखं आहे हाच मोठा धागा आहे. माणसांच्या नावांत ‘श्याम’सारखं अर्थ असलेलं नाव असलं तर ते बदलता येतं, पण ‘श्यामची आई’चं कोडं नीट तपासून घ्या. ‘सावळ्याची माउली’ केलंत तर निम्मे लोक पंढरपूरला पोचतील. सावळा म्हणजे विठ्ठल, माउली म्हणजे पुन्हा विठ्ठल नाहीतर ज्ञानेश्वर. दोन्ही शब्दांनी एकाच चुकीच्या दिशेला बोट दाखवलं. ‘घननीळाची जननी’ केलंत की देवत्व कृष्णापुरतं राहतं, जननी म्हणजे आईच, आणि वाट सरळ होते. या नावाचे दोन चित्रपट आहेत, आचार्य अत्र्यांचा १९५३चा आणि दुसरा २०२३चा. उत्तर एकच असल्याने अडत नाही, पण ‘अभिनेत्री’ किंवा ‘साल’ असा इशारा देणार असाल तर कोणता चित्रपट धरलाय ते आधी ठरवा.

जोडशब्द आणि नादाचे शब्द हा आणखी एक कोपरा. ‘धुमधडाका’, ‘थरथराट’, ‘गंमत जंमत’ यांना खरा समानार्थी शब्द नाहीच. नाद हाच त्यांचा अर्थ. इथे नादाला नाद द्यावा लागतो. ‘अशी ही बनवाबनवी’ला ‘अशी ही फसवाफसवी’ चालतं, सोपं आहे, पण मुलांच्या फेरीला छान. ‘माझा पती करोडपती’त ‘पती’ दोनदा येतो, एकदा नवरा म्हणून, एकदा मालक म्हणून, आणि ‘माझा भ्रतार कोट्यधीश’ केलं की ती सगळी मजा मरते. ‘माझा धनी कोटीधनी’ करून बघा. गावाकडे नवऱ्याला धनी म्हणतातच, आणि दुसरा धनी पैशाचा. सांगाडाही राहिला, यमकही राहिलं. असं एखादं कोडं जमलं की त्यावर वेळ घालवल्याचं वाईट वाटत नाही.

मराठी आणि हिंदी चित्रपट मिसळणार असाल तर भाषा आधी सांगा. ‘चोरीछुपे चोरीछुपे’ असं कोडं दिलं तर एक गट १९७५चा हिंदी ‘चुपके चुपके’ म्हणेल, दुसरा मराठी ‘गुपचुप गुपचुप’, आणि दोघंही बरोबर. प्रभात फिल्म कंपनीने तर ही पंचाईत स्वतःच करून ठेवली आहे: १९३९ सालचा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, १९४१चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’. तिथे दोन्ही उत्तरांना गुण द्यावेच लागतात. उलट ‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ आणि ‘उंबरठा’ची ‘सुबह’. नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे गोंधळ नाही. हिंदी नावांची कोडी मराठी शब्दांत करताना ‘भाषांतर’ आणि ‘समानार्थी’ यांत सरमिसळ होते, तीही टाळा. ‘दीवार’ला ‘भिंत’ म्हणणं हे कोडं नाही, ते नुसतं भाषांतर. ‘दो आँखें बारह हाथ’ला ‘नेत्रद्वय द्वादश हस्त’ म्हटलं तर कोडं होतं. आणि ‘शोले’ला सगळीकडे ‘निखारे’ देतात ते चूक आहे. शोला म्हणजे ज्वाळा. निखारा म्हणजे हिंदीतला अंगारा. ‘निखारे’ दिल्यावर कुणी ‘अंगारे’ म्हणालं तर तुम्ही त्याला नाही कसं म्हणणार?

काही नावं मी यादीत घेतच नाही. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. चित्रपट सगळ्यांना माहीत, शब्दाचा अर्थ मात्र थोड्यांना, तेव्हा समानार्थी शब्द देऊन उपयोग नाही. शिवाय त्या शब्दाची जी वेदना चित्रपटात आहे ती हशाच्या खेळात आणू नये असं मला वाटतं. ‘सैराट’चंही तसंच; ‘बेभान’, ‘मोकाट’, ‘उधळलेला’ यांतलं काहीही पूर्ण बसत नाही. दादा कोंडक्यांची द्व्यर्थी नावं तर समानार्थी शब्दांत गेली की अधिकच उघडी पडतात. मंचासमोर पहिल्या रांगेत आजोबा आणि नातवंडं असतील तर तिकडे वळू नये. ‘एकटा जीव सदाशिव’ मात्र निर्धोक आहे.

आता श्रोत्यांप्रमाणे काय बदलतं ते. वयाने मिश्र गर्दी असेल तर चित्रपटांचे तीन काळ धरून समान वाटा ठेवावा: १९८०च्या आधीचे, त्यानंतर २००० पर्यंतचे आणि त्यापुढचे. नुसते जुने घेतलेत तर तरुण उठून जातात, नुसते नवे घेतलेत तर आजी-आजोबा. गट करताना प्रत्येक गटात तिन्ही पिढ्या घाला, म्हणजे शब्द आजी ओळखते आणि चित्रपट नात. दोघींपैकी एकीला ते एकटीने सुटलं नसतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात खेळ घेणार असाल तर अख्खी दिशाच उलटी करा. तिथल्या मुलांना घरात बोललं जाणारं मराठी कळतं, ‘पृष्ठभाग’ कळत नाही. तिथे संस्कृत नावं घेऊन ती घरगुती शब्दांत उतरवायची: ‘सिंहासन’ म्हणजे ‘राजाची खुर्ची’, ‘चंद्रमुखी’ म्हणजे ‘चांदोबासारखं तोंड असलेली’. इंग्रजी नावं मराठीत आणणं हाही त्यांच्यासाठी सोपा रस्ता: ‘डबल सीट’चं ‘दुहेरी आसन’, ‘टाइमपास’चं ‘वेळकाढूपणा’.

अवघडपणा कमीजास्त करायचा तो शब्द जड करून नव्हे, किती शब्द बदलले यावर. तीन शब्दी नावातला एकच शब्द बदलला तर सोपं, दोन बदलले तर मध्यम, तिन्ही बदलले तर अवघड. वीस कोडी करणार असाल तर आठ सोपी, आठ मध्यम, चार अवघड, आणि वर पाच राखीव. पहिली तीन सोपीच ठेवा. सुरुवातीला लोकांना खेळाची रीत कळायला वेळ लागतो. पहिलंच कोडं अवघड दिलंत तर मागच्या रांगा गप्पांना लागतात आणि परत येत नाहीत.

वेळेचा हिशेब करून ठेवा. कोडं दोनदा वाचायला पंधरा सेकंद, विचाराला तीस, इशारा देऊन आणखी पंधरा, उत्तर आणि त्यावरचा हशा अर्धा मिनिट. म्हणजे एकाला दीड मिनिट, वाद-चर्चा धरून दोन. वीस कोड्यांना चाळीस मिनिटं लागतात. आरतीची वेळ सांभाळायची असेल तर पंधरावर थांबा.

ओरडून उत्तर द्यायची पद्धत छोट्या गटात ठीक. पन्नासहून जास्त माणसं असतील तर पुढची रांग सगळं खाऊन टाकते. तेव्हा प्रत्येक गटाला कागद द्या आणि वेळ संपल्यावर एकदम दाखवायला सांगा. इशाऱ्याशिवाय बरोबर आलं तर तीन गुण, दशक सांगितल्यावर दोन, कलाकार सांगितल्यावर एक. कोडं वाचणाऱ्याने शब्द सुटे, ठसक्यात वाचावेत. ‘पृष्ठभागावर’ घाईत वाचलं की मागे ‘भागावर’ एवढंच ऐकू जातं. पडदा असेल तर कोडं लिहून दाखवलेलं केव्हाही बरं.

वाद टाळण्याचा नियम आधीच जाहीर करा: तुमच्या उत्तराशिवाय दुसरं नाव आलं आणि त्यातला प्रत्येक शब्द कोड्यातल्या शब्दाला क्रमाने लागला, तर पूर्ण गुण. एक शब्द जरी लागला नाही तरी शून्य. हा नियम कडक वाटतो, पण यामुळे निर्णय तुमचा राहत नाही, कोड्याचा राहतो. आणि यादी तयार झाली की खेळात भाग न घेणाऱ्या दोघांना, वेगवेगळ्या वयाच्या, ती कोरी सोडवायला द्या. दोघांनाही न सुटलेलं कोडं काढून टाका. दोघांनी वेगवेगळं उत्तर दिलं असेल तर ते दुरुस्त करा. दोघांना पाच सेकंदांत सुटलं तर ते पहिल्या तिनांत टाका.

सोडवणाऱ्याच्या बाजूनेही सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा तोही अर्धा भाग होता. आधी शब्द मोजा. मग न बदललेले बारके शब्द हेरा: प्रत्यय, ‘हा’, ‘ही’, ‘रे’. तोच सांगाडा. त्यानंतर सगळ्यांत विचित्र वाटणारा शब्द पकडा, कारण तोच मुद्दाम बदललेला असतो, आणि त्याचे रोजच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द मनात म्हणा. ‘कन्या निघाली श्वशुरगृहाला’ घ्या. तीन शब्द. ‘श्वशुरगृह’ विचित्र, म्हणजे सासर. ‘ला’ हा प्रत्यय तसाच राहिलाय, म्हणून ‘सासरला’. निघाली म्हणजे गेली, चालली. कन्या म्हणजे मुलगी, पोर, लेक. आता मोठ्याने म्हणा: मुलगी गेली सासरला… लेक चालली सासरला. डोळ्यांनी वाचताना न दिसलेलं नाव तोंडाने म्हणताना बरेचदा सापडतं, कारण चित्रपटांची नावं आपल्याला पोस्टरपेक्षा बोलण्यातून जास्त लक्षात राहिलेली असतात. अडकलात तर शेवटच्या शब्दापासून मागे या. क्रियापद किंवा शेवटचं नाम बदलायला पर्याय कमी असतात, म्हणून तिथे कोडं करणाऱ्याने फार लपवलेलं नसतं. आणि एखाद्या शब्दाचे दोन अर्थ असतील तर दुसराही तपासा. ‘बाईपण भारी देवा’चं ‘स्त्रीत्व वजनदार परमेश्वरा’ असं कोडं कुणीतरी करणारच. तिथे ‘वजनदार’ला धरून जाडजूड माणसं शोधत बसलात तर वेळ संपेल.

तुमच्या यादीची सुरुवात व्हावी म्हणून काही देऊन ठेवते. सोप्यांत ‘प्रशाला’ (शाळा, एकशब्दी असूनही चालतं, कारण दुसरं काही लागत नाही) आणि ‘कथन करते, श्रवण करा’ (सांगत्ये ऐका). मध्यमात ‘एक खेळी पिशाच्चाची’ (एक डाव भुताचा), ‘अभिनेत्यांचा सम्राट’ (नटसम्राट), ‘सत्यवचनी राजाचा कारखाना’ (हरिश्चंद्राची फॅक्टरी) आणि ‘मंदिर कुलूपबंद’ (देऊळ बंद). हे शेवटचं विचाराल तेव्हा ‘देऊळ’ त्याच यादीत ठेवू नका. अवघडांत ‘शतसहस्रांची कथा’ (लाखाची गोष्ट) आणि ‘तयार सदनात सलगी’ (आयत्या घरात घरोबा). या शेवटच्यात मुळातला ‘घ-घ’ जाऊन ‘स-स’ आला आहे. इशारा द्यायची वेळ आली तर कलाकाराचं नाव सांगण्याऐवजी ‘शेवटचे दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात’ एवढंच सांगा.